नात फोनवर नुसती मान का हलवते?

प्रश्न : नात साडेतीन वर्षांची आहे. फोनवर ‘जेवलीस का?’ विचारलं की बोलत नाही, नुसती मान हलवते. लपाछपीत तोंड उशीत खुपसून ‘मी लपले’ म्हणते. समज कमी आहे का? – एक आजी

उत्तर : नाही हो, हे वयच तसं आहे. आपल्याला ठाऊक असलेलं दुसऱ्याला ठाऊक नसू शकतं, हे बहुतेक मुलांना चौथ्या वर्षाच्या आसपास उमगतं.

घरी पाहायचं असेल तर दोन बाहुल्या, एक चेंडू आणि झाकणाचे दोन डबे घ्या, लाल नि निळा. चिंगी चेंडू लाल डब्यात ठेवून जाते. तिला खरंच खोलीबाहेर न्या, नुसती पालथी घालू नका. मग गुंडी चेंडू काढून निळ्या डब्यात टाकते. चिंगी परतली की विचारा, ‘चिंगी आधी कुठे शोधेल?’ लहान मूल बिनदिक्कत ‘निळ्या’ म्हणतं. लगेच आणखी दोन प्रश्न विचारा : चेंडू आत्ता कुठे आहे? सुरुवातीला कुठे होता? यातलं एकही उत्तर चुकलं तर तो डाव मोजू नका. मुलाच्या गोष्टच लक्षात राहिलेली नसते.

मोठ्यांचं चुकतं ते इथे : ‘शोधेल’ऐवजी ‘चेंडू कुठे आहे’ विचारतात, नाहीतर स्वतःच निळ्या डब्याकडे बघतात. मुलं आपली नजर बरोबर हेरतात. शिवाय डबे दोनच, म्हणजे अंदाजपंचे उत्तरही निम्म्या वेळा बरोबर येणार. डब्यांच्या जागा बदलून तीन-चार दिवस खेळा.

अवघड काय, तर स्वतःची माहिती बाजूला ठेवून चिंगीची चुकीची समजूत डोक्यात धरायची. उजव्या कानाच्या थोडं वर नि मागे, मेंदूच्या दोन खंडांच्या सांध्यावर, यासाठीचा एक महत्त्वाचा भाग आहे. रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी २००३ मध्ये एमआरआयने दाखवलं, की कुणाच्या मनातल्या चुकीच्या समजुतीची गोष्ट वाचताना तो भाग जागा होतो. जुन्या फोटोत वस्तू वेगळ्या जागी दिसते, अशा गोष्टीला तेवढा नाही. हा भाग या कामात तरबेज व्हायला कित्येक वर्षं जातात.

हीच बाहुल्यांची चाचणी १९८५ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी केली, तेव्हा २० स्वमग्न मुलांपैकी १६ चुकली, डाऊन सिंड्रोमच्या (या जन्मजात स्थितीत बौद्धिक वाढ मंद असते) १४ पैकी १२ बरोबर आली. म्हणजे प्रश्न निव्वळ बुद्धीचा नव्हता. पण यावरून घरी निदान करू नका. दीड वर्षाचं मूल हाकेला बघत नसेल, हवं ते बोटाने दाखवत नसेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : सहानुभूती ‘मिरर न्यूरॉन’मुळे येते, हे खरं का?

उत्तर : मिरर न्यूरॉन म्हणजे मेंदूतल्या काही पेशी. त्या इटलीतल्या पार्मा इथे माकडांमध्ये सापडल्या. माकडाने स्वतः दाणा उचलला किंवा दुसऱ्याला उचलताना पाहिलं, तरी त्या चेतत. यावरून हालचाल ओळखण्याबद्दल बोलता येतं. सहानुभूतीचं सगळं श्रेय त्यांना देणं अतिशयोक्तीच.