फ्रान्सच्या खेड्यांत सायकल: पहिल्या खेपेला एवढंच

रोज शंभर किलोमीटरचा हट्ट ही नवख्यांची पहिली चूक. पन्नास पुरेत. मिशलँ (Michelin) कंपनीच्या कागदी नकाशावर लाल रस्ते टाळा, पिवळे जपून, पांढरे आपले! तिथे गाड्यांपेक्षा गाईच जास्त भेटतात. गाड्या अजिबात नकोत? मग बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लुनी ही 'व्वा व्हेर्त', म्हणजे गाड्यांना बंदी असलेली 'हिरवी वाट', धरा. जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ साली सुरू झालेली, त्यामुळे चढ सौम्य.

- खेड्यातली दुकानं दुपारी बंद असतात. पाव सकाळीच घेऊन ठेवा.
- पाणी संपलं तर गावची दफनभूमी शोधा, नळ बहुधा असतो. संकोच नको, फक्त 'नाँ पोताब्ल' (non potable, पिण्यायोग्य नाही) पाटी दिसली तर पिऊ नका.
- उजवीकडून चालवा. जुनी सवय रिकाम्या रस्त्यावरच दगा देते.