50 च्या स्पीडला हात हलका केला की हँडल थरथरतं, टायर बदलू की स्टिअरिंग डॅम्पर लावू?

दोन्ही नको, ना टायर, ना हँडलचे झटके दाबणारा तो डॅम्पर. आधी कोनसेट बघा, म्हणजे बाइकच्या गळ्यातलं बॉलचं बेअरिंग, ज्यावर हँडल फिरतं.

टॉपबॉक्स आहे, साइडच्या बॅगा आहेत, 70 वरून थ्रॉटल सोडला की 50 च्या आसपास हँडल नाचतं, हे सगळं तुम्ही लिहिलंय ते ठीक, पण "मित्र म्हणतो हात सोडूच नको, मग प्रॉब्लेमच नाही" हे वाचलं आणि राहवेना. हेच वाक्य मी माझ्या मेव्हण्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की पाठ झालंय. हात ठेवल्यावर थरथर थांबते याचा अर्थ तुम्ही ती दाबून धरताय, गाडी बरी झाली असं नाही. ताप मोजलाच नाही तर ताप नाही, असला हिशोब.

मेव्हणा घाटावरचा, पुण्याचा. दोन गाड्यांवर आम्ही दापोलीकडून गुहागरला येत होतो, माझ्या मागे आमची ही. पावसाळा संपल्यापासून माझ्या गाडीचं हँडल अस्संच नाचत होतं आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने "सर, या मॉडेलचा नेचरच आहे" म्हणून परत पाठवलेलं. दाभोळला पोचलो तर फेरीबोट पलीकडे धोपाव्याला. म्हटलं तेवढ्यात बघून घेऊ. गाडी डबल स्टँडला लावली, पुढचं चाक उचलायला मागे वजन हवं, ते मेव्हण्याकडे भरपूर आहे, त्याला कॅरियरवर बसवला. मग हँडल दोन बोटांनी अगदी सावकाश डावीउजवीकडे फिरवलं. बरोबर मधोमध, चाक सरळ येतं तिथे, खट्ट. अडकतंय, थोडा जोर लावला की सुटतंय. खाली बसून शॉकअपचे दोन्ही पाय एक्सलजवळ धरून पुढेमागे हलवले तर वर गळ्यात टकटक हाताला लागतेय. मेव्हणा वरून ओरडतोय, "दाजी, केबल अडकत असेल हो, टायर बदला टायर!" तिकीट फाडणारा माणूस येऊन उभा राहिला, त्याने एकदा हँडल फिरवून बघितलं आणि "बॉल गेले" म्हणून निघून गेला.

शृंगारतळीला आमच्या मेकॅनिककडे खोललं. खालच्या रेसमध्ये, म्हणजे बॉल ज्या रिंगवर फिरतात तिच्यात, ग्रीस कुठलं, तांबडा गाळ होता. तो रॉकेलने पुसल्यावर रेसवर ओळीने बारीक खळगे, जिथे जिथे बॉल बसतो तिथे एकेक. डोळ्यांना नीट दिसत नाहीत, पण नख फिरवा, प्रत्येक खळग्यात अडकतं. गाडी सरळ चालताना बॉल त्याच जागी उभे असतात आणि खड्ड्याचा प्रत्येक दणका तिथेच बसतो. त्यात आपल्याकडे चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने खारं वारं, आणि वॉशिंगवाला प्रेशरचा पाइप नेमका हँडलच्या गळ्यातच धरणार. मी टेपर रोलरचा, म्हणजे बॉलऐवजी निमुळते रोलर असलेला सेट टाकला. जरा महाग पडतो, पण बॉल टिंबावर टेकतो आणि रोलर अख्ख्या रेषेवर, त्यामुळे खळगे लवकर पडत नाहीत. थरथर त्याच संध्याकाळी गेली.

आता टायरचं. मेव्हण्याच्या गाडीलाही हेच होत होतं, त्याने पुण्यात पुढचा टायर बदलला, थरथर थांबली आणि फॅमिली ग्रुपवर माझा उद्धार केला. पण थांबली का ते बघा. 50 ला गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर जाते, पुढच्या चाकाचा घेर धरा दोन मीटर, म्हणजे सेकंदाला सातेक फेरे. आणि हँडलचा हा वॉबल सेकंदाला साधारण 4 ते 10 वेळा होतो. टायर उंचसखल घासलेला असेल किंवा बॅलन्सिंग नसेल तर प्रत्येक फेऱ्याला बरोबर त्याच तालात धक्का बसतो, म्हणून 50 ला नाचतं आणि 80 ला गप्प. नवा टायर गोल असतो, धक्का बंद, नाच बंद. गळ्यातली ढिल मात्र तशीच, आणि तीच नव्या टायरलाही वेडावाकडा खाते. त्याचं झालंच तसं, पुढच्या दिवाळीला परत सुरू. तेव्हा ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही.

डॅम्पर रोग झाकतो, बास. कोनसेट करकचून आवळणारे मेकॅनिकही तेच करतात, थरथर जाते पण गाडी हळू चालवताना दारू प्यायल्यासारखी इकडेतिकडे जाते. चाक उचललेलं असताना मधून जरासं ढकललं तर हँडल आपोआप एका बाजूला पडलं पाहिजे आणि टकटक नको, एवढंच टाइट.

टॉपबॉक्समध्ये जड सामान ठेवू नका, ते मागच्या एक्सलच्याही मागे लटकतं आणि पुढचं चाक हलकं होतं. जड ते साइड बॅगेत, खाली. हवा थंड टायरला चेक करा.

हां, आणि तुमची गाडी 100 च्या पुढे मागून सापासारखी वळवळत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, ते वेगळं दुखणं, तिथे चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या फोर्कचे) बुश आणि मागचं लोड बघायचं. कधी पडली असेल तर शॉकअपचे पाइप वाकलेत का तेही बघा. आणि चेन टाइट करताना मागचं चाक तिरकं बसलंय का, त्याला चिमट्यावरच्या खुणांवर जाऊ नका, दोन्ही बाजूंनी दोरी ताणून बघा, मी जाळ्याची नायलॉनची दोरी वापरतो. नवीन कोनसेट पाच-सातशे किमी झाल्यावर एकदा परत अ‍ॅडजस्ट करून घ्या, रेस बसल्या की थोडी ढिल येतेच. मेव्हण्याला हे सगळं सांगून झालंय, तो ऑनलाइन डॅम्पर बघतोय.