सहा कस्प तेच, मग ग्रुप वेगळा का?

प्रश्न: कॉम्प्लेक्स प्रोजेक्टिव्ह प्लेनमधून (कॉम्प्लेक्स संख्यांवरचं प्रतल, अनंतावरच्या बिंदूंसकट) सहाव्या डिग्रीचा, सहा कस्प (वक्राची अणकुचीदार टोकं) असलेला वक्र काढून टाकला तर उरलेल्या भागाचा फंडामेंटल ग्रुप (त्या भागात काढता येणाऱ्या लूपांचा, म्हणजे बंद वाटांचा ग्रुप) नेहमी सारखा येत नाही असं वाचलं. डिग्री तीच, कस्प तितकेच, मग फरक येतो कुठून? आणि कस्पऐवजी नुसते नोड (वक्र स्वतःलाच छेदतो ते साधे बिंदू) असतील तर काय होतं?

उत्तर: कस्प कुठे बसलेत त्यावरून फरक पडतो. सहाही कस्प एकाच कॉनिकवर (दोन डिग्रीच्या वक्रावर) असतील तर ग्रुप येतो दोन आणि तीन ऑर्डरच्या सायक्लिक ग्रुपांचा (एकाच घटकापासून बनणाऱ्या, दोन आणि तीन घटकांच्या ग्रुपांचा) फ्री प्रॉडक्ट (दोन्ही ग्रुप आपसात कुठलाही नवा नियम न लावता जोडलेले), म्हणजे अनंत आणि नॉन-अबेलियन (गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकणारा), आणि असा कॉनिक नसेल तर येतो फक्त सहा ऑर्डरचा सायक्लिक ग्रुप. ही गोष्ट गणिती झारिस्कीने १९२९ पासूनच्या कामात उघड केली आणि मला अजूनही ती या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आधी ग्रुप कसा काढतात ते बघू. एक साधी रेघ घ्या, ती वक्राला सहा ठिकाणी कापते, प्रत्येक बिंदूभोवती एक लूप घ्या, हे सहा लूप मिळून अख्खा ग्रुप तयार करतात आणि योग्य क्रमाने त्यांचा गुणाकार १ येतो. आता रेघ फिरवत न्यायची. ती वक्राला स्पर्श करते तिथे दोन लूप एकच होतात, अ = ब. नोडवरून गेली तर अब = बअ. आणि कस्पवरून गेली तर अबअ = बअब, तोच ट्रेफॉइल गाठीचा (सगळ्यात साध्या, तीन पाकळ्यांच्या गाठीचा) नियम. व्हॅन काम्पेनने १९३३ मध्ये ही पद्धत नीट मांडली म्हणून ती झारिस्की आणि व्हॅन काम्पेन या दोघांच्या नावाने ओळखतात.

आता तुमच्या शंकेचं मूळ इथेच आहे बघा, कस्पचा नियम दोन्ही वक्रांत तोच, पण तो नेमका कुठल्या दोन लूपना लागू होतो ते कस्पजवळ बघून कळत नाही, त्यासाठी रेघ पूर्ण फिरवावी लागते. होमॉलॉजीलाही (लूपांचा क्रम न बघता केलेल्या मोजणीलाही) काही कळत नाही, वक्र अखंड (कमी डिग्रीच्या वक्रांत न फुटणारा) असेल तर ती दोन्हीकडे सहा ऑर्डरचीच.

कॉनिकवाल्या वक्राचं समीकरण प³ + ब² = ० असं लिहिता येतं, प दोन डिग्रीचा, ब तीनचा, आणि दोघं एकदम शून्य होतात ते दोन गुणिले तीन म्हणजे सहा बिंदू हेच कस्प (प आणि ब खास जुळवून न घेता कसेही निवडले की). मग प³ भागिले ब² हे फंक्शन घ्या. वक्राबाहेर ते कधीच −१ होत नाही, प = ० वर तीनपट शून्य होतं आणि ब = ० वर दुप्पट अनंत होतं, ग्रुपातले ३ आणि २ तिथूनच आलेत! दुसऱ्या वक्राला असं फंक्शनच मिळत नाही.

नोडचं उत्तर छोटं आहे, नुसते नोड असतील तर ग्रुप नेहमी अबेलियन. झारिस्कीने हे गणिती सेव्हेरीच्या एका विधानावर (तीच डिग्री आणि तितकेच नोड असलेले सगळे अखंड वक्र एकाच सलग कुटुंबातले असतात) भिस्त ठेवून म्हटलं होतं, ज्याच्या सिद्धतेत नंतर चूक निघाली, आणि भक्कम सिद्धता मिळायला १९८० च्या सुमारास फुल्टन आणि डेलिन यावे लागले. हॅरिसने पुढे १९८६ मध्ये सेव्हेरीचं विधानही खरं करून दाखवलं.