पुण्यात लाल पेटीत टाकलेलं पत्र बारा दिवस झाले तरी कुडाळजवळच्या गावात आजीला मिळालं नाही, पेट्या उघडतात तरी का?

उघडतात हो. मी कुडाळ तालुक्यातच एका ब्रँच ऑफिसात (गावातलं छोटं पोस्ट) डाक सेवक आहे, म्हणजे तुमच्या आजीसारख्यांच्या पडवीपर्यंत जाणारा शेवटचा माणूस, त्यामुळे दोन गोष्टी सांगू शकतो.

पेटीवर वेळेची पाटी असते ती बघत जा. चारची वेळ असेल आणि तुम्ही साडेचारला पत्र टाकलंत तर ते उद्याचं झालं, उद्या रविवार असेल तर परवाचं. पेटीतून काढलं की तिकिटावर शिक्का पडतो आणि पत्र आरएमएसच्या (रेल्वे मेल सर्व्हिस, पोस्टाचाच टपाल वेगळं करणारा विभाग) सॉर्टिंगला जातं, तिथे तुमच्या गावाचं नाव कोण वाचत बसत नाही, पिनकोड बघून थैलीत टाकतात. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४१६ म्हटलं की कोल्हापूर, सांगली नाहीतर आम्ही सिंधुदुर्गवाले, आणि ४१६५२० म्हणजे कुडाळ. ही युक्ती श्रीराम भिकाजी वेलणकरांची, आपल्या कोकणातलेच, पोस्टात मोठे अधिकारी आणि वर संस्कृत कवी, १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड सुरू झाला. एकाच नावाची गावं चार राज्यांत असतात, त्यावर तोडगा होता तो.

पण गंमत अशी की पिन कुडाळपर्यंतच आणून सोडतो, आसपासच्या कितीतरी गावांना तोच पिन. तिथून पुढे ब्रँच ऑफिसच्या नावाने थैल्या लागतात आणि इथेच लोक माती खातात, 'मु.पो.' लिहून. मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट. गावात पोस्ट असेल तरच दोन्ही एकत्र लिहायचं, नाहीतर 'मु. अमुक, पो. तमुक' असं वेगळं लिहायला हवं, पण शाळेत पत्रलेखनात मु.पो. घोकलेलं असतं ना, ते जात नाही.

गेल्या पावसात माझ्याकडे एक पोस्टकार्ड आलं, पत्ता काय तर 'मु.पो. वरचीवाडी, ता. कुडाळ'. आता वरचीवाडी इथे गावागणिक! ते कार्ड आधी दोन गावं फिरून आलेलं, अंगावर तीन शिक्के, शाई पावसाने फुटलेली, आणि नाव नुसतं 'सावंत काकी'. आमच्या वाडीत अकरा घरं सावंतांची. शेवटी आतला मजकूर वाचावा लागला (पोस्टकार्डच ते, झाकलेलं काय असणार), त्यात 'म्हशीचं काय झालं' असं होतं, म्हैस एकाच काकीकडे, मग काय, दिलं नेऊन. बारा दिवसांत असलं काहीतरी तुमच्या पत्राचं चाललं असणार असा माझा अंदाज. आजीचं पूर्ण नाव, वाडी, गाव, पोस्ट वेगळं आणि जमलं तर घरातल्या कोणाचा मोबाईल नंबर घाला, आम्ही सरळ फोन लावतो.

साध्या पत्राला नंबर नसतो त्यामुळे ते कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही, खिडकीवरच्या माणसावर चिडून उपयोग नाही. कागदपत्रं वगैरे असतील तर स्पीड पोस्टच करा, १३ अक्षर-आकड्यांचा नंबर मिळतो, मोबाईलवर बघता येतं. रजिस्टर्ड वेगळं मागू नका, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच विलीन झालंय.

आणि एक विचारायचं राहिलं, पाकिटावर पाठवणाराचा म्हणजे तुमचा पत्ता लिहिला होता का? लिहिला असेल तर पत्र परत येईल, वर पोस्टमनचा शेरा असेल तो वाचा, 'पत्ता अपुरा' की 'घर बंद' ते कळेल. नसेल लिहिला तर ते परत आलेल्या पत्रांच्या ऑफिसात (रिटर्न्ड लेटर ऑफिस) जातं, तिथे मात्र पाकीट फोडून आत कुठे पत्ता सापडतो का ते बघतात.