खाडी घाण वाहून नेते का?

प्रश्न : आमच्या वाडीखाली गटार थेट खाडीत उतरतं. लोक म्हणतात, भरती-ओहोटी आहे, घाण समुद्रात जाते. शुद्धीकरण केंद्र कशाला? तिथल्या तिसऱ्या (शिंपले) आम्ही खातो. – एक वाचक भगिनी, चिपळूण परिसर

उत्तर : ताई, सांडपाण्याच्या केंद्रावर माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून तुमचं पत्र वाचून जीव कासावीस झाला. ओहोटीला गेलेलं पाणी पुढच्या भरतीला बरंचसं परत येतं. वाशिष्ठीच्या खाडीत ते तुम्ही रोज बघता.

हिशेब करा. घरगुती मैलापाण्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम. तीस अंशांच्या स्वच्छ गोड पाण्यात ऑक्सिजन जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. खाऱ्यात आणखी कमी. एक लिटर घाण तीस-चाळीस लिटर पाण्याचा श्वास संपवते. केंद्रात आम्ही हेच कुजणं टाकीत, हवा फुंकून उरकतो. जिवाणूंचा गाळ खाली बसतो, वरचं निवळ पाणी निर्जंतुक करून सोडतो. वीज गेली की तो गाळ गुदमरतो, म्हणून जनरेटर हवाच.

तिसऱ्यांचं मात्र ऐका. त्या पाणी गाळून खातात, रोगजंतू अंगात साठवतात. गटाराच्या तोंडाजवळच्या काढू नका. वाळू निघावी म्हणून पाण्यात ठेवल्याने जंतू जात नाहीत.

नगरपालिकेकडे पाण्याची तपासणी लेखी मागा. नमुना ओहोटी संपताना घ्यायला लावा, तेव्हा भरतीची भेसळ सर्वांत कमी असते. आणि तो बर्फात ठेवूनच प्रयोगशाळेत गेला पाहिजे.