मिठातला जिवाणू नवा, हे ठरतं कसं?

प्रश्न : खाऱ्या पाण्याच्या नैसर्गिक झऱ्यात जिवाणूची नवी जात सापडल्याचं वाचलं. मिठामुळे जंतू वाढत नाहीत म्हणून तर आपलं लोणचं टिकतं ना? मग हा जगतो कसा, आणि नवा आहे हे ठरवतात कसं? पूर्णाकाठच्या आमच्या विहिरीचं पाणीही खारट आहे. त्यात असं काही असेल का? (एक वाचक भगिनी, मुक्ताईनगर तालुका)

उत्तर : ताई, कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पातेल्यात पाणी सुटतं. जिवाणूच्या पेशीचंही तेच होतं, म्हणून त्याची वाढ थांबते. मीठप्रेमी जिवाणू हे पाणी सुटू देत नाहीत. काही जण एक्टोइनसारखे पाणी धरून ठेवणारे पदार्थ पेशीत साठवतात, काही पोटॅशियम भरून ठेवतात. त्यातल्या काहींना साध्या पाण्यात टाकलं तर उलट पेशीच फुटते!

नवेपणा मात्र सूक्ष्मदर्शकात दिसत नाही. आधी तो जिवाणू प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. जळगावात मी वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांकडून हे प्रात्यक्षिक करून घेतलं. भरपूर मीठ घातलेल्या, जिवाणू वाढवायच्या बशा (प्लेटा) सुकू नयेत म्हणून पॉलिथिनमध्ये बांधून कित्येक आठवडे ठेवायच्या. मुलं दर वेळी मिठाच्या खड्यालाच कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा डोळ्यांना दिसणारा ठिपका, समजत. लूप (तारेचं छोटं कडं) लावला की खडा करकरतो, कॉलनी लोण्यासारखी उचलली जाते.

मग १६एस नावाच्या, सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या जनुकाची सुमारे १५०० अक्षरं वाचून ज्ञात जातींशी ताडतात. साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी भरलं तर जात नवी असण्याची शक्यता मोठी. जास्त भरलं तरी निकाल लागत नाही. संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याचा सगळा डीएनए, जुळवून बघतात. तिथं सीमा ९५-९६ टक्क्यांची, त्याहून कमी जुळलं तर जात वेगळी. शिवाय तो किती मिठात, किती तापमानाला वाढतो, हे जवळच्या नातेवाइकांशेजारी ठेवून तपासतात.

एवढं करूनही नाव मिळत नाही. जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांत जमा करावा लागतो. आपल्याकडे पुण्यात असा संग्रह आहे, जर्मनीत डीएसएमझेड नावाचा आहे. मुलांना ही अट जाचक वाटे. मला ती सगळ्यांत मोलाची वाटते. आमच्या एका विद्यार्थिनीनं पूर्णाकाठच्याच एका विहिरीतून केशरी कॉलनी वेगळी काढली होती. नमुना कुठंच पाठवलेला नव्हता. मे महिन्यात वीज गेली, फ्रीज बंद पडला आणि तो जिवाणू गेला. तिची वही आजही माझ्याकडे आहे, पण तो नवा होता का, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

तुमच्या विहिरीचं म्हणाल, तर समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीत सहसा त्याहून पुष्कळ कमी. पण उन्हाळ्यात काठावर पांढरा थर धरतो, तिथं मीठ एकवटलेलं असतं. तो स्वच्छ चमच्यानं खरवडून उकळलेल्या कोरड्या बाटलीत भरा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात द्या. चिठ्ठीवर गाव, तारीख आणि जागा पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते.