शिकागोच्या अ‍ॅडलर तारांगणाचा इतिहास काय? वेळ कमी असेल तर शो पाहावा की संग्रहालय?

आधी संग्रहालय, आणि त्यातही आधी अ‍ॅटवुड गोल. मी कोल्हापुरात विज्ञान शिकवतो. लेक शिकागोला असल्यामुळे अ‍ॅडलर निवांत बघायला मिळालं, आणि सगळ्यात जास्त वेळ रेंगाळलो तो या गोलाशी. 1913 चा हा पत्र्याचा गोल, व्यास 15 फूट, त्याला 692 भोकं. तेजस्वी ताऱ्याला मोठं, अंधुक ताऱ्याला बारीक. माणसं आत बसणार, बाहेरचा उजेड भोकांतून येणार आणि गोल फिरला की तारे उगवणार, मावळणार.

हे पाहिलं की पुढचा इतिहास पटकन उलगडतो. जर्मनीतल्या झाइस कंपनीच्या वाल्थर बाउअर्सफेल्ड यांनी ही कल्पनाच उलटी केली: घुमट जागच्या जागी ठेवायचा आणि मधोमध बसवलेल्या प्रक्षेपकातून त्यावर तारे पाडायचे. ऑक्टोबर 1923 मध्ये म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये त्याचं प्रात्यक्षिक झालं. सीअर्स कंपनीत मोठ्या हुद्द्यावर राहिलेले मॅक्स अ‍ॅडलर 1928 मध्ये आर्किटेक्ट अर्नेस्ट ग्रन्सफेल्ड यांना घेऊन जर्मनीतली तारांगणं बघून आले, पदरचे पैसे घातले आणि 12 मे 1930 ला अमेरिकेतलं पहिलं आधुनिक तारांगण उघडलं.

म्युनिकचं पहिलं यंत्र फक्त तिथल्या अक्षांशाचं आकाश दाखवायचं. अ‍ॅडलरला बसवलेलं पुढचं मॉडेल कुठल्याही अक्षांशाला लावता यायचं. याचं मोल आपल्याला जास्त कळतं. कोल्हापुरात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम 17 अंशांवर असतो, शिकागोत जवळपास 42 वर. उलट, हिवाळ्यात पन्हाळ्यावरून दक्षिणेला ठसठशीत दिसणारा अगस्ती तारा शिकागोत कधी उगवतच नाही. त्या घुमटाखाली मात्र 1930 सालच्या शिकागोच्या पोरांनाही अगस्ती दाखवता येत होता! मला याचं आजही फार अप्रूप वाटतं.

अ‍ॅडलर यांनी नुसता घुमट बांधला नाही, अ‍ॅम्स्टरडॅमच्या मेन्सिंग यांचा जुन्या खगोलीय उपकरणांचा संग्रहही विकत घेतला. यंत्रराज (म्हणजे अ‍ॅस्ट्रोलेब, ताऱ्यांवरून वेळ काढायचं जुनं हातातलं यंत्र), सूर्यघड्याळं, सगळं घाई न करता बघा. यंत्रराजाच्या पितळी जाळीवर प्रत्येक ताऱ्यासाठी एक टोकदार काटा असतो. तो नीट पाहिलात तर माणसांनी आकाश हातात धरायची केवढी खटपट केली ते दिसेल. मग शो. आणि आत शिरण्याआधी इमारतीला एक फेरी मारा: ती बाराकोनी आहे, प्रत्येक कोपऱ्यावर एका राशीचं ब्राँझचं शिल्प आहे.